शेगडीचा कोंडलेला श्वास

गेल्या जानेवारीत आमच्या घरातली शेगडी विझता विझता राहिली. ती सरळ विझली असती तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते. विझलेली शेगडी घर गार करते, एवढंच. कोंडलेली शेगडी काय करते, ते मला त्या महिन्यात कळलं. त्या निमित्ताने जे वाचलं, उघडून पाहिलं आणि मोजलं, त्याचा हा वृत्तान्त आहे.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात आम्ही राहतो. नोव्हेंबर ते मार्च घर तापवावंच लागतं. इथे अनेक घरांत तेलावरची भट्टी असते. जोडीला लाकडाची किंवा पेलेटची शेगडी. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या. जाडी साधारण ६ मिलिमीटर, लांबी बोटाच्या एक-दोन पेरांएवढी. त्यांच्यात डिंक किंवा गोंद घालत नाहीत. दाबाखाली भुसा तापतो, लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि थंड होताना कांडी घट्ट धरून ठेवतं. ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोंच्या पिशव्या मिळतात. पिशवी शेगडीच्या पेटीत ओतायची, बटण दाबायचं, की काम झालं. निदान विकणारा तसं सांगतो.

डिसेंबरच्या अखेरीस ज्योत बदलली. आधी ती आखूड, चपळ आणि पिवळीधमक असायची. आता लांबलचक, नारिंगी, आळसावलेली दिसू लागली. टोकाला काळपट धूर. काचेवर दोन दिवसांत काजळी. खोलीत ऊबही कमी. मला वाटलं, जळण कमी पडतंय. म्हणून मी जळणाचा आकडा दोनवरून चारवर नेला. ज्योत आणखी मोठी आणि आणखी काळी झाली. माझी ही चूक या लेखाच्या मध्यभागी आहे, म्हणून आधी शेगडीची रचना सांगते.

दोन पंखे, एक वाटी

पेलेटच्या शेगडीत वर साठ्याची पेटी असते. पेटीच्या तळाशी ऑगर, म्हणजे मळसूत्री दांडा. मोटार तो हळूहळू, थांबून थांबून फिरवते आणि मूठ-मूठ कांड्या एका लोखंडी वाटीत पडतात. या वाटीला तळाशी आणि बाजूंना भोकं असतात. आग जळते ती एवढ्याशा वाटीत. बाकीचं सगळं धूड तिच्या सेवेसाठी आहे.

पंखे दोन. एक खोलीतली हवा घेतो, तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो आणि परत खोलीत फेकतो. या हवेचा आगीशी संबंध नाही. दुसरा पंखा आगीच्या पलीकडे, धुराच्या वाटेवर बसवलेला असतो. तो धूर ओढून बाहेर ढकलतो. त्याने पेटीतली हवा ओढून घेतली की आत किंचित निर्वात तयार होतो आणि ताजी हवा वाटीच्या भोकांतून आपोआप आत शिरते. आगीला वारा घालणारा पंखा समोर नसून मागे असतो, हे ध्यानात घ्यायला मला वेळ लागला. ‘हवा कमी येतेय’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारावा: कुठली हवा? खोलीतली ऊब कमी झाली असेल तर पहिला पंखा किंवा त्याच्या नळ्या पाहाव्यात. ज्योत मंद असेल तर दुसरा पंखा आणि त्याची सगळी वाट.

आमच्या घरी, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात, तांब्याचा बंब होता. त्यालाही मधोमध नळी होती, तळाशी जाळी होती. नळीतली गरम हवा हलकी होऊन वर जायची आणि तिच्या जागी खालून जाळीतून गार हवा यायची. पंखा नव्हता, नळीची उंची हाच पंखा. ही ओढ किती असते, याचा हिशेब करता येतो. तीन मीटर उंचीचं धुराडं, आत २०० अंश सेल्सिअसचा धूर आणि बाहेर शून्य अंशाची हवा असेल, तर दाबातला फरक साधारण १६ पास्कल येतो. म्हणजे टंकलेखनाचे वीसेक कागद टेबलावर ठेवले की टेबलावर जेवढा दाब पडतो, तेवढा. पेलेटच्या शेगडीतला पंखाही काही दहा पास्कलांच्याच घरात ओढ देतो. आग एवढ्या नाजूक ओढीवर जगते. तिच्या वाटेत थोडी राख आली, दाराला कागद सरकेल एवढी फट राहिली, की हा हिशेब कोलमडतो.

एक किलो लाकूड, पाच हजार लिटर हवा

कोरड्या लाकडात वजनाने निम्मा कार्बन, सुमारे सहा टक्के हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक ऑक्सिजन असतो. त्यावरून रसायनशास्त्राचं साधं गणित केलं, तर एक किलो लाकूड पूर्ण जाळायला जवळजवळ सहा किलो हवा लागते. सहा किलो हवा म्हणजे पाच हजार लिटर. ही किमान गरज झाली. प्रत्यक्षात प्रत्येक ऑक्सिजनचा रेणू वेळेवर योग्य जागी पोचत नाही, म्हणून याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त हवा द्यावी लागते. माझी शेगडी थंडीच्या रात्री तासाला एक किलो कांड्या खाते. म्हणजे दर तासाला दहा हजार लिटर हवा त्या वाटीभोवतीच्या भोकांतून जायला हवी.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्योत लाकडाची नसते. तापलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग वायू होऊन बाहेर पडतो. ज्योत त्या वायूची. मागे उरतो तो कोळसा, तो निखारा होऊन सावकाश जळतो. वायूला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बनते. हवा कमी पडली, तर वायू अर्धवट जळतात. काजळीचे कण ज्योतीतच तापून नारिंगी दिसतात आणि न जळता निसटतात. सोबत कार्बन मोनॉक्साइड निसटतो. लांब ज्योत ही हवेच्या शोधात निघालेली ज्योत असते. तिला जवळ ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ती दूरवर पसरते.

आता माझी चूक स्पष्ट होते. मंद ज्योतीचे प्रकार दोन आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. ज्योत छोटी पण स्वच्छ, वाटी रिकामी होत चाललेली, राख पांढुरकी असेल, तर जळण कमी पडतंय. पेटीत भुसा साचून कांड्यांची कमान झाली असेल, ऑगरमध्ये काही अडकलं असेल किंवा कांड्यांनी दमट हवा पिऊन घेतली असेल. ज्योत लांब, सुस्त, नारिंगी, वाटीत न जळलेल्या कांड्यांचा ढीग आणि काचेवर काळं असेल, तर हवा कमी पडतेय. दुसऱ्या प्रकाराला जळण वाढवणं म्हणजे भरल्या पोटाच्या, धाप लागलेल्या माणसाला आणखी वाढण्यासारखं आहे. मी नेमकं तेच केलं होतं.

ती रात्र

तेव्हा माझी आई आमच्याकडे होती. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, पण तिच्या फुप्फुसांना सीओपीडी आहे. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, त्याचं हे फळ असं तिचे डॉक्टर म्हणतात. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीवर लेख आला होता. चुलीचा धूर हे त्याचं एक मोठं कारण असल्याचं त्यात मांडलेलं आहे. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाशी जाणारा धूर मोजला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. हे सगळं मला माहीत होतं. तरी आईला मी शेगडीच्या खोलीत झोपवलं, कारण ती घरातली सगळ्यात उबदार खोली.

जळण वाढवल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री पावणेतीनला कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा वाजला. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. खोलीत धूर असा दिसत नव्हता. मी शेगडी बंद केली, आईला दोन रजया गुंडाळून उणे अठरा अंशांत बाहेर गाडीत नेऊन बसवलं आणि अग्निशमन दलाला फोन केला. त्यांनी येऊन दारं-खिडक्या उघडल्या, मोजमाप केलं आणि शेगडी तपासून घेतल्याशिवाय पेटवू नका असं सांगून ते गेले. आईचं डोकं दुखत होतं, बाकी ती ठीक होती. सकाळी चहा घेताना तिने एकच विचारलं, “अगं, राख कधी काढली होतीस?”

“दर आठवड्याला काढते, आई.”

ते खरं होतं. राखेचा खालचा डबा मी दर रविवारी रिकामा करत होते. पण तिच्या प्रश्नाने मी हिशेबाला बसले. एका हिवाळ्यात आम्ही तीन टन कांड्या जाळतो. इथला टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. चांगल्या प्रतीच्या कांड्यांत एक टक्क्यापर्यंत राख असते. म्हणजे हिवाळ्याला सत्तावीस किलोंपर्यंत राख. तेवढी राख मी डब्यातून खरंच काढली होती का? माझ्या अंदाजाने दोन तृतीयांशही नाही. बाकीची कुठे गेली? काही वाऱ्याबरोबर बाहेर गेली असणार. बाकीची शेगडीतच होती, आणि दोन हिवाळे मी आतली सफाई करून घेतली नव्हती.

वाट शोधताना

दुरुस्ती करणाऱ्याची तारीख अकरा दिवसांनंतरची मिळाली. तोवर तेलाची भट्टी चालवली आणि गार झालेली, वीज काढून ठेवलेली शेगडी एकेक करून उघडली. हवेच्या वाटेने चालायचं, आत येते तिथपासून बाहेर जाते तिथपर्यंत, असा क्रम ठरवला.

पहिली पायरी घर. बंदिस्त घरात स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा पंखा, कपडे वाळवायचं यंत्र, सगळे मिळून घरातली हवा बाहेर फेकतात. मग शेगडीला ओढायला हवाच उरत नाही. याची परीक्षा सोपी आहे. शेगडी चालू असताना जवळची खिडकी दोन बोटं उघडावी. पाच-दहा मिनिटांत ज्योत तरतरीत झाली, तर दोष घराचा. ही परीक्षा मी भोंगा वाजण्याच्या आधीच केली होती. ज्योत बदलली नव्हती. बाहेरून हवा घेणारी नळी असेल, तर तिच्या तोंडावरची जाळीही पाहावी. पानं, गांधीलमाशीचं घर, बर्फ, काहीही सापडतं. माझी जाळी स्वच्छ होती.

दुसरी पायरी वाटी. भोकं बुजली असतील तर आगीला खालून हवा मिळत नाही. राखेतली सिलिका आणि पोटॅशियमची संयुगं जास्त तापली की वितळतात आणि थंड झाल्यावर त्यांचा काचेसारखा कठीण खंगर होतो. विटांच्या भट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा होतो, तसाच. सालीच्या, मातीमिश्रित भुशाच्या किंवा गवताच्या कांड्यांत हा त्रास जास्त. माझ्या वाटीत सुपारीएवढे दोन खंगर निघाले. ते मी आधीही काढले होते. ज्योत दोन दिवस सुधारे आणि पुन्हा मंदावे. दोष परत येतो, याचा अर्थ वाटीतला खंगर हे लक्षण होतं, मूळ नव्हतं. हवा कमी झाली की राख उडून जात नाही. ती वाटीतच बसते, भाजते, वितळते.

तिसरी पायरी दार. दाराच्या कडेला काचतंतूंची दोरी, म्हणजे गास्केट असते. ती चपटी झाली की दाराच्या फटीतून हवा आत शिरते. पंख्याला तेवढीच हवा मिळते, पण ती वाटीतून न जाता आगीला वळसा घालून जाते. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करायचं आणि पट्टी ओढायची. अडकली तर ठीक, सहज सुटली तर तिथे फट. खालच्या डाव्या कोपऱ्यात माझी पट्टी अलगद निघाली. नवी दोरी मी बसवली. राखेच्या डब्याच्या दारालाही हीच परीक्षा लावायची असते. ते अनेकजण विसरतात.

चौथी पायरी आतले कप्पे. वाटीमागची पाटी चार स्क्रू काढल्यावर सुटली. तिच्या मागे धूर वळसे घेत खाली उतरतो. त्या वळणांवर त्याचा वेग मंदावतो, आणि जिथे वेग मंदावतो तिथे राख खाली बसते. नदीच्या वळणावर गाळ साचावा, तशी. दोन्ही कप्पे वितभर भरलेले होते. राख पिठापेक्षा मऊ आणि फिकट. इथे एक सावधगिरी. घरगुती झाडणीयंत्राने ही राख ओढू नये. बारीक राख गाळणीतून पार होऊन खोलीभर होते, आणि राखेत निखारा कित्येक तास, कधी दिवसही, जिवंत राहतो. राखेसाठीचं वेगळं यंत्र आणि झाकणाचा लोखंडी डबा वापरावा. डबा घराबाहेर, लाकडापासून लांब ठेवावा.

पाचवी पायरी धुराचा पंखा. त्याच्या पात्यांवर काळा, चिकट थर होता. पातं जड झालं की वेग कमी होतो. पात्याचा आकार बुजला की त्याच वेगाला हवा कमी ढकलली जाते. थर ब्रशने काढला.

सहावी पायरी धुराची नळी, आणि मूळ तिथे होतं. पंख्यामागे नळी काटकोनात वळते. त्या वळणावर सफाईसाठी झाकणाचा तोंडा असतो. झाकण काढलं आणि राखेचा लगदा पायावर पडला. नळी तीन इंची आहे. तिच्या आत सगळीकडून पाव इंचाचा थर बसला, तर मोकळा व्यास अडीच इंच उरतो. वाटतं, फार काय बिघडलं? पण अशा वाहत्या हवेला होणारा अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. तेवढ्याच ओढीवर जाणारी हवा मग सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होते. माझ्या वळणावर थर पाव इंचाहून बराच जास्त होता.

भोंगा का वाजला, याचंही उत्तर इथेच मिळालं. पंख्याच्या अलीकडे शेगडीत निर्वात असतो, त्यामुळे फट असली तरी हवा आत येते, धूर बाहेर येत नाही. पंख्याच्या पलीकडे उलट असतं. तिथे पंखा धूर ढकलत असतो, म्हणून नळीत खोलीपेक्षा जास्त दाब असतो. पुढची वाट तुंबली की हा दाब वाढतो, आणि नळीच्या जोडाला बारीकशीही फट असली तर धूर खोलीत निसटतो. त्यात मी जळण दुप्पट केलं होतं. अर्धवट जळणारा वायू दुप्पट तयार होत होता आणि त्याची बाहेरची वाट बंद होत होती. शेगडीत ओढ कमी झाली की जळण बंद करणारा एक स्विच असतो. पण माझी वाट पूर्ण तुंबलेली नव्हती. ओढ त्या स्विचच्या मर्यादेच्या किंचित वर राहिली असणार. वारंवार बंद पडणाऱ्या शेगडीला कंटाळून काहीजण या स्विचच्या दोन तारा जोडून टाकतात. तसं कधीही करू नये. तो स्विच बंद पडत असेल, तर तो काही सांगतोय.

अकराव्या दिवशी दुरुस्ती करणारा आला. त्याने नळीचे जोड नव्याने सांधले, छपराजवळचं टोक साफ केलं, दाबमापक लावून ओढ मोजली आणि शेगडी पेटवली. ज्योत आखूड आणि पिवळीधमक. जळणाचा आकडा दोन.

हवेचा अतिरेक

मग हवा जितकी जास्त तितकी बरी का? नाही. जास्तीची हवा आगीतून फुकटच तापून जाते आणि ती उष्णता धुराड्यावाटे बाहेर सांडते. अमेरिकेत याचा एक चमत्कारिक इतिहास आहे. लाकडाचा भुसा दाबून इंधन करण्याची खटपट इथे १९३० च्या दशकात आयडाहो राज्यातल्या लूइस्टन गावी झाली. तिथल्या लाकूड गिरणीने भुशाचे ओंडके बनवले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पर्यायी इंधनांचा शोध वाढला, आणि १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफिल्ड या विमान-अभियंत्याने घरात बसवण्याजोगी पेलेटची शेगडी तयार केली. १९८८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लाकडाच्या शेगड्यांच्या धुरावर नियम केले. त्यात ज्या शेगडीत हवेचं वजन जळणाच्या ३५ पटींहून जास्त असेल, तिला सूट होती. हेतू होता उघड्या शेकोट्या वगळण्याचा. पण पेलेटच्या शेगडीतून मुद्दाम जास्त हवा सोडली, की तीही सुटीत बसे. किमान गरज सहापटीची, आणि नियमातून सुटायला पस्तीसपट! अशा शेगड्या बनल्या, खपल्या आणि त्यांनी पुष्कळ ऊब आभाळाला दिली. २०१५ च्या नव्या नियमांनी पेलेटच्या शेगड्यांनाही कक्षेत घेतलं.

पेलेटच्या आगीचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी स्वयंपाकासाठी एक छोटी शेगडी तयार केली. पिकांच्या टाकाऊ भागांपासून केलेल्या कांड्या तिच्यात एकदाच भरायच्या, वरून पेटवायच्या आणि बॅटरीवरचा पंखा लावायचा. बीपी कंपनीबरोबर ती ‘ऊर्जा’ या नावाने बाजारात आली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत मिळून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्याची नोंद आहे. माझ्या शेगडीत जळण थोडं थोडं पडतं आणि त्यावर आच ठरते. ‘ऊर्जा’त जळण आधीच भरलेलं, म्हणून आच ठरते ती खालून सोडलेल्या हवेवर, वरून सोडलेली हवा वायू पूर्ण जाळते. पंख्याचा वेग वाढवला की आच वाढते. आईच्या फुंकणीचंच काम, पण फुप्फुसांऐवजी दोन-चार वॉटच्या पंख्याने केलेलं. धूर खूपच कमी होता. मात्र कांड्यांचा भाव चढत गेला आणि बहुतेक घरांत ती शेगडी मागे पडली. आगीला लागणाऱ्या दोन गोष्टींपैकी हवा फुकट होती; कांड्या विकत घ्याव्या लागत होत्या.

आणखी एक उणीव दोन्ही शेगड्यांत सारखी आहे. वीज गेली की पंखा थांबतो. बंबाला तो प्रश्न नव्हता. म्हणून आता आमच्या नळीचा काही भाग मी सरळ उभा घेतला आहे. पंखा थांबला तरी नळीच्या उंचीमुळे उरलेला धूर वर ओढला जातो. आणि भोंगे दोन आहेत, एक शेगडीच्या खोलीत आणि एक आई झोपते त्या खोलीत.

आई मार्चमध्ये साताऱ्याला परतली. जाण्याआधी तिने शेगडीवर टांगायला एक वही घेतली. तिच्यात आता तारखा आहेत: वाटी रोज, डबा आठवड्याला, कप्पे दर टनामागे, नळी आणि पंखा वर्षातून एकदा. वर्षातल्या त्या एका सफाईचा दिवस मी दिवाळीच्या आधीचा रविवार ठरवला आहे. नाहीतरी त्या आठवड्यात घर आवरायचंच असतं, आणि इथे शेगडी पेटते तीही त्याच सुमारास. या वर्षीची सफाई झाली. कप्प्यांतून आणि नळीतून मिळून चार किलो राख निघाली. मी ती वजन करून वहीत लिहिली आणि आईला फोनवर आकडा सांगितला. ती म्हणाली, “आणि जाळी बघितलीस का बाहेरची?” ती राहिली होती. फोन ठेवून मी बाहेर गेले.